आदिबंध आणि सामूहिक नेणीव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातले विद्यार्थी, शिक्षक, नाटकवाले आणि स्वप्नांनी हैराण झालेले लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांपासून आहे. घाई असेल तर प्रश्न ६ आणि ९ तरी वाचाच, सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

१. सामूहिक नेणीव म्हणजे नेमकं काय? सोप्या भाषेत सांगा.

कार्ल गुस्ताव युंग (१८७५–१९६१) या स्विस मनोविकारतज्ज्ञाने नेणिवेचे, म्हणजे मनाच्या जाणिवेबाहेरच्या भागाचे, दोन थर मानले. वरचा थर वैयक्तिक. एकेकाळी आपल्याला ठाऊक असलेलं, पण पुढे विसरलेलं किंवा दडपलेलं सगळं या थरात असतं. खालचा थर सामूहिक. त्यातला मजकूर कधीच कुणाच्या जाणिवेत नव्हता, म्हणून तो विसरण्याचा प्रश्नच येत नाही. माणूस म्हणून जन्माला येतानाच तो बरोबर येतो, असं युंगचं म्हणणं. १९३६ साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्याने ही विभागणी अगदी नेमकी मांडली.

‘सामूहिक’ या शब्दामुळे बऱ्याच जणांना वाटतं की सगळ्यांची मनं कुठेतरी आतून जोडलेली आहेत. तसं नाही. दोन माणसांना प्रत्येकी दोन हात असतात म्हणून ते हात एकमेकांना जोडलेले नसतात. इथे ‘सामूहिक’ म्हणजे सर्वांत समान, एवढाच अर्थ घ्यायचा.

२. मग आदिबंध म्हणजे देवीची प्रतिमा का? यल्लम्मा हा आदिबंध आहे असं कुठंतरी वाचलं होतं.

यल्लम्मा हा आदिबंध (आर्किटाइप) नव्हे. माता हा आदिबंध आणि यल्लम्मा ही त्याची एक प्रतिमा. आदिबंधाला स्वतःचं चित्र नसतं. ठरावीक प्रसंगी ठरावीक तऱ्हेने अनुभवण्याचा, कल्पना करण्याचा तो कल आहे. युंगने त्यासाठी स्फटिकाचा दाखला दिला: स्फटिक कोणत्या आकारात जमेल हे द्रावणात आधीच ठरलेलं असतं, पण हा आकार तिथे पदार्थ म्हणून सापडत नाही. प्रत्यक्ष स्फटिक लहान-मोठा, स्वच्छ-गढूळ कसाही निघतो.

सौंदत्तीची कथाच घ्या. रेणुका, म्हणजेच यल्लम्मा, रोज ओल्या वाळूची घागर घडवायची, सापाची चुंबळ करून ती डोक्यावर घ्यायची आणि पाणी आणायची. एके दिवशी जलक्रीडा करणाऱ्या राजाकडे तिचं लक्ष गेलं आणि घागर काही जमेना. जमदग्नीने मुलांना तिचं डोकं उडवायला सांगितलं. थोरल्यांनी नकार दिला, परशुरामाने आज्ञा पाळली आणि मग वर मागून आईला परत जिवंत केलं. मातृ-आदिबंधाची दोन्ही टोकं या एका कथेत आहेत: पोसणारी आई, आणि जिच्या इच्छेची घरादाराला भीती वाटते ती आई. मुलगा मारणाराही आहे आणि परत आणणाराही. एवढं मानसशास्त्राला म्हणता येतं.

वाळूचीच घागर का, जोगतिणीच्या हाती परडीच का, हे मात्र आदिबंधातून निघत नाही. ते इथल्या इतिहासातून आणि लोकधर्मातून शोधावं लागतं. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी केलेलं काम त्या वाटेचं आहे. दोन्ही वाटा वेगळ्या ठेवा.

३. युंगला हे सुचलं कुठून?

तीन ठिकाणांहून, आणि तिन्हींचं वजन सारखं नाही.

पहिलं, झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली रुग्णालयातली शब्दसाहचर्य चाचणी. शंभर शब्दांची यादी, हातात स्टॉपवॉच. प्रत्येक शब्दाला मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा. उत्तराला उशीर, मूळ शब्दच परत उच्चारणं, यादी पुन्हा घेताना वेगळंच उत्तर देणं, अशा अडखळण्यांवरून दडलेला गंड (एखाद्या दुखऱ्या विषयाभोवती साठलेल्या भावना) कुठे आहे ते कळायचं. हे काम भक्कम आहे, पण त्यातून वैयक्तिक थर सिद्ध होतो, सामूहिक नव्हे.

दुसरं, १९०९ सालचं त्याचं स्वतःचं स्वप्न: जुनं घर, प्रत्येक मजला खाली जावं तसा अधिक जुना, तळघराच्याही खाली गुहा आणि तिथे दोन कवट्या. मनोविश्लेषण मांडणाऱ्या फ्रॉइडला त्या कवट्यांमध्ये कुणाच्या तरी मरणाची इच्छा दिसली. युंगला त्या घरात मनाची रचना दिसली.

तिसरं, ‘सूर्याला लिंग आहे आणि त्यातून वारा सुटतो’ असं सांगणारा एक रुग्ण. पुढे मिथ्र या सूर्यदेवाच्या पंथाच्या एका प्राचीन संहितेत सूर्यापासून लोंबणाऱ्या, वारा सोडणाऱ्या नळीचं वर्णन सापडलं. युंग हा पुरावा आयुष्यभर सांगत राहिला. पण त्या संहितेची छापील आवृत्ती १९०३ मध्येच निघाली होती, म्हणजे ती कल्पना रुग्णाच्या कानावर आधी आलेली असू शकते, आणि रुग्णाचं निरीक्षण होनेगर या युंगच्या सहकाऱ्याने केलं होतं. त्यामुळे सर्वांत गाजलेला हा पुरावा सर्वांत कच्चा आहे. पेपरात लिहिणार असाल तर ही बाजूही लिहा.

४. गंड आणि आदिबंध यात फरक काय?

गंड म्हणजे कॉम्प्लेक्स. तो तुमच्या आयुष्यात घडतो: वडिलांचा मार, बहिणीशी तुलना, दहावीचा निकाल. आदिबंध त्या गंडाच्या गाभ्याशी असतो असं युंग मानतो. ‘माझे बाबा’ हा गंडाचा भाग. साध्या मुकादमाने आवाज चढवला तरी पायांतलं बळ जातं तेव्हा मुकादम आणि बाबा यांच्याही मागे काहीतरी मोठं उभं असतं, त्याला तो पित्याचा आदिबंध म्हणेल. उपचारात हात गंडाला घातला जातो. आदिबंध ‘बरा’ करता येत नाही.

५. आदिबंध बारा असतात ना? इन्स्टावर चक्र आलं होतं.

नाही. नायक, बंडखोर, प्रेमी, विदूषक वगैरे बारांचं चक्र मार्गारेट मार्क आणि कॅरल पीअर्सन यांनी २००१ मध्ये ब्रँडच्या जाहिरातींसाठी मांडलं. साबण विकायला ते उपयोगी आहे. युंगने ठरावीक आकडा दिला नाही, आयुष्यात जितके ठरावीक प्रसंग तितके आदिबंध असं तो म्हणायचा. त्याच्या लिखाणात वारंवार येतात ते असे: छाया, ॲनिमा-ॲनिमस (पुरुषाच्या मनातली स्त्री, स्त्रीच्या मनातला पुरुष), माता, मूल, ज्ञानी वृद्ध, खोडसाळ धूर्त आणि सर्वांच्या मध्यभागी ‘स्व’, म्हणजे संपूर्ण मनाचा गाभा. मुखवटा म्हणजे पर्सोना. तो यादीत घालतात, पण तो समाजाशी जुळवून घेताना तयार होतो.

६. मला आठवड्यातनं दोनदा स्वप्नात साप दिसतोय. हा कुठला आदिबंध? देवीचं काही राहिलंय का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न. उत्तराला क्रम आहे, आणि चूक जवळजवळ नेहमी क्रम उलटा केल्याने होते.

आधी स्वप्न लिहून काढा. वही-पेन उशाशी ठेवा, जाग आल्यावर कूस न बदलता आठवा, वर्तमानकाळात लिहा: ‘मी विहिरीच्या पायरीवर आहे’. मोबाईलवर लिहायला गेलात की व्हॉट्सॲप उघडतं आणि स्वप्न जातं. साप कुठला, कुठे, काय करत होता, तुम्ही काय केलंत, जाग आल्यावर कसं वाटलं, हे सगळं नोंदवा.

मग मागचे दोन दिवस तपासा. भातकापणी, ऊसतोड, पावसाळा, पंचमी, फोनवर आलेला सर्पमित्राचा व्हिडिओ. यात कारण मिळालं तर बहुतेक वेळा तिथेच थांबायला हरकत नाही.

त्यानंतर स्वप्नातल्या प्रत्येक तुकड्यावर तुमच्या स्वतःच्या आठवणी लिहा. इथे युंगची पद्धत फ्रॉइडपेक्षा वेगळी पडते. साप–दोरी–बैल–बाजार असं साखळीने लांब जायचं नाही. प्रत्येक आठवणीनंतर परत सापापाशी यायचं.

चौथी पायरी घरच्या संस्कृतीची. आपल्याकडे शेताच्या बांधावरचा नाग राखणदार असतो, पंचमीला मुली वारुळाला जातात, यल्लम्माची चुंबळ सापाची, आणि नागाच्या दोषामुळे मूल होत नाही असं सांगणारेही घरोघरी आहेत. यातलं तुमच्या घरी काय चालायचं?

अगदी शेवटी जगभरचे साप: ग्रीक वैद्यदेवतेच्या काठीला वेढलेला, बायबलमधला, कुंडलिनीचा, कात टाकून नवा होणारा. इथूनच सुरुवात केली तर प्रत्येकाच्या स्वप्नाचा अर्थ एकच निघतो, आणि जत्रेत मिळणाऱ्या स्वप्नफलाच्या पुस्तकात नि मानसशास्त्रात फरक उरत नाही.

समजा स्वप्न असं आहे: विहिरीच्या पायरीवर साप, आई पाठमोरी, मी कळशी टाकून पळते. सगळे सापाचा अर्थ विचारतात. पण तुकडे लिहायला बसल्यावर कळशीपाशी पेन अडलं, ती आईने लग्नात दिलेली, नाव घातलेली होती आणि मध्यंतरी भांडणात मोडीत गेली हे आठवलं, तर स्वप्नाचं वजन तिथे आहे. साप तुम्हाला तिथून पळायला लावतोय एवढंच.

एका स्वप्नावरून निष्कर्ष काढू नका. युंगने वोल्फगांग पाउली या भौतिकशास्त्रज्ञाची शेकडो स्वप्नं मालिकेने अभ्यासली. तुम्ही दहा-पंधरा तरी गोळा करा. राहता राहिलं देवीचं. ओटी भरल्याने मनाला बरं वाटत असेल तर भरा, पण स्वप्न हे देवीने पाठवलेलं थकबाकीचं पत्र आहे असं यातून सिद्ध होत नाही.

७. आपली ‘छाया’ ओळखायची कशी?

छाया म्हणजे आपलं जे आपण स्वतःचं मानत नाही ते. वाईटच असेल असं नाही. गप्प राहायला शिकवलेल्या सुनेच्या छायेत उत्तम वक्ता असू शकतो.

आठवडाभर एवढं करा. ज्या माणसामुळे प्रमाणाबाहेर संताप येतो त्याच्यासाठी पाच विशेषणं लिहा: कंजूष, पुढेपुढे करणारा, जे असेल ते. मग यातलं तुमच्यात केव्हा दिसतं ते तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या माणसाला विचारा, आणि उत्तर मिळाल्यावर वाद घालू नका. ज्या विशेषणाला ‘छे, हे तर अजिबात नाही’ असं पटकन तोंडातून जातं, त्याच्यापुढे खूण करा.

अपवाद महत्त्वाचा आहे. समोरचा खरोखरच चुकीचा असू शकतो. दरवर्षी बांध कोरणारा चुलतभाऊ ही तुमची छाया नव्हे, आधी मोजणी करून घ्या. मोजणीत बांध जागेवर निघाला आणि तरीही झोप लागत नसेल, तर मग वही उघडा. छाया ओळखली म्हणजे मनात येईल तसं वागायची मुभा मिळाली, असंही नाही.

८. आईच्या अंगात येतंय. ही सामूहिक नेणीव का आजार?

दोन्हींपैकी काहीही घाईने म्हणू नका. आजारांची आंतरराष्ट्रीय वर्गीकरणंसुद्धा सांगतात की समाजमान्य धार्मिक विधीच्या चौकटीत होणारा संचार हा विकार धरायचा नाही. पाहायचं ते असं: जत्रेत, आरतीला, चौंडक्याच्या तालावर येतं आणि आपोआप जातं का? दुसऱ्या दिवशी आई नेहमीसारखी कामाला लागते का? तसं असेल तर काळजीचं कारण सहसा नसतं. अवेळी, एकटी असताना येत असेल, दातखीळ बसत असेल, जीभ चावली जात असेल, लघवी होत असेल, बाळंतपणानंतर सुरू झालं असेल, किंवा तिला स्वतःलाच त्याचा त्रास होत असेल तर डॉक्टरांकडे न्या (प्रश्न १४). फिट आणि संचार लांबून सारखे दिसतात.

युंग म्हणेल की अशा वेळी अहंची (‘मी’पणाच्या जाणिवेची) पकड सुटते आणि आदिबंधाची प्रतिमा बोलू लागते. हे वर्णन आहे, निदान नव्हे, आणि रूढीचं समर्थन तर मुळीच नव्हे. केसांत जट झाली म्हणजे देवीचं बोलावणं, असं म्हणून मुली देवीला सोडल्या गेल्या. त्यावर कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी आली. जट म्हणजे गुंतून घट्ट झालेले केस. ती कापता येते.

९. मराठी आणि कन्नड माणसाची सामूहिक नेणीव वेगळी असते का?

व्याख्येनेच नाही. सर्व माणसांत समान तेच सामूहिक. पण युंग स्वतः इथे घसरला. १९३४ मध्ये, जर्मनीत नाझी सत्तेवर असताना, त्याने ‘आर्य’ आणि ‘ज्यू’ नेणिवेत फरक असल्याचं लिहिलं. त्यावरची टीका आजही संपलेली नाही, संपूही नये. भाषेनुसार, जातीनुसार, वंशानुसार नेणीव वाटायला निघालं की त्याच रस्त्याला लागतो.

वेगळं असतं ते मधलं. युंगचे अनुयायी जोसेफ हेंडरसन यांनी वैयक्तिक आणि सामूहिक यांच्यामध्ये ‘सांस्कृतिक नेणीव’ मानली. त्यापुढे थॉमस सिंगर आणि सॅम्युअल किम्बल्स यांनी २००४ मध्ये ‘सांस्कृतिक गंड’ ही कल्पना मांडली: एका समूहाच्या जुन्या जखमेभोवती साठलेल्या भावना. आपल्याकडे १ नोव्हेंबर पाहा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेची ती तारीख. एकाच शहरात, एकाच दिवशी काहींचा राज्योत्सव असतो, काहींचा काळा दिन. सीमाप्रश्नाची कायदेशीर बाजू न्यायालयात आहे, त्यावर मानसशास्त्राला मत नाही. गंडाची लक्षणं मात्र सांगता येतात: घटनेच्या मानाने भावना फार मोठी, तोंडात तयार वाक्यं, आणि आठवणींत सोयीच्या तेवढ्याच घटना.

तपासणी सोपी आहे. दुकानाच्या पाटीवरून वाद झाल्यावर ‘ते लोक ना, कायम असंच...’ हे तुमचं वाक्य कागदावर पूर्ण लिहा. मग समूहाचं नाव बदला. समोरच्या गल्लीत हेच वाक्य याच चालीवर तुमच्याबद्दल म्हटलं जात असेल, तर ते वाक्य तुमचं नाही, गंडाचं आहे. तक्रार खरी असेल तर ती तारीख, जागा, अर्ज क्रमांक यांसकट सांगता येते.

आणि सौंदत्तीच्या डोंगरावर मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे एकाच रांगेत उभे असतात, हेही ‘वेगळी नेणीव’वाल्यांनी विचारात घ्यावं.

१०. शिवाजी महाराजांना, रायण्णांना ‘नायकाचा आदिबंध’ म्हणणं हा अपमान नाही का?

माणूस आदिबंध नसतो, त्यामुळे असं म्हणणं आधी चूक आहे, अपमान नंतर. संगोळ्ळी रायण्णा हे कित्तूरच्या १८२४ च्या लढ्यात होते आणि १८३१ मध्ये नंदगडला त्यांना फाशी झाली. हा इतिहास. लोककथा सांगताना त्याला जो आकार येतो, म्हणजे अद्भुत बालपण, फितुरी, मृत्यूनंतरची जागृत जागा, तो आदिबंधाकडे झुकलेला. लॉर्ड रॅग्लन या ब्रिटिश अभ्यासकाने १९३६ मध्ये नायककथांचे असे २२ मुद्दे काढले होते. गंमत अशी की त्या साच्यात न बसणाऱ्या गोष्टी, महसूल, पत्रव्यवहार, किल्ल्यांची डागडुजी, कथेतून आधी गळतात. खरं राज्य त्यांच्यावरच चालतं.

बेळगावच्या शिवजयंतीत चित्ररथावर महाराज होणारा तरुण पहाटे खाली उतरतो, दाढी काढतो आणि झोपतो. तसा न उतरता जो वर्षभर त्याच भूमिकेत घरात हुकूम सोडतो, त्याच्या अवस्थेला युंग ‘फुगणं’ म्हणायचा. आदिबंधाशी एकरूप होणं म्हणजे हे.

११. जगभर सारख्याच गोष्टी सापडतात, मग हे सिद्धच झालं की?

सारखेपणाची आणखी कारणं असतात: व्यापारी, यात्रेकरू, सुना यांच्याबरोबर गोष्टी प्रवास करतात, आणि सगळ्यांनाच आई, अंधार, मरण भेटतं. शिवाय जवळून पाहिलं की सारखेपणा हलतो. कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन १९५० च्या दशकात बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवत. त्यांनी उत्तर कर्नाटकातली एक कथा नोंदवली: पोटच्या मुलाशी लग्न होईल असं भाकीत घेऊन जन्मलेली मुलगी रानात पळते, एका आंब्यापासून तिला दिवस जातात, मूल ती नदीत सोडते, आणि वर्षांनंतर नकळत त्याचीच बायको होते. सत्य कळल्यावर बाळाला झोपवताना ‘मुला, नातवा, नवऱ्याच्या भावा’ अशी अंगाई गाते आणि गळफास घेते. नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या ग्रीक ईडिपसचीच कथा, पण आईच्या बाजूने. बापाला मारणारा मुलगा यात नाहीच. म्हणून ‘साचा एकच’ म्हणण्याआधी गोष्ट कोण सांगतंय ते पाहा.

१२. हे विज्ञान आहे का? आणि योगातले संस्कार, पूर्वजन्म म्हणजे हेच का?

पहिल्याचं उत्तर: कडक अर्थाने नाही. सामूहिक नेणीव खोटी ठरवता येईल अशी चाचणी युंगने दिली नाही. पूर्वजांचे अनुभव वारशाने उतरतात असा सूर त्याच्या सुरुवातीच्या लिखाणात आहे, तो आनुवंशशास्त्राला मान्य नाही. पुढे त्याने प्रतिमा नव्हे, प्रतिमा घडवण्याची क्षमता वारशाने येते अशी सुधारणा केली. जीन नॉक्ससारख्या आजच्या युंगपंथीयांच्या मते तर आदिबंध जन्मजात नसून बाळपणीच्या अनुभवातून लवकर घडतात. हा वाद अजून चालू आहे.

दुसऱ्याचं उत्तर: नाही. संस्कार ज्याचे त्याचे, त्याच्याच कर्माचे. युंगने १९३२ मध्ये कुंडलिनीवर व्याख्यानं दिली, १९३८ च्या सुमारास भारत पाहिला, पण अहंशिवाय जाणीव असू शकते हे त्याला कधी पटलं नाही. योगाच्या मुळाशीच तो मतभेद आहे.

१३. ॲक्टिव्ह इमॅजिनेशन घरी करता येईल का?

येईल, मर्यादेत. जागेपणी मनातल्या प्रतिमेशी बोलण्याची ही युंगची पद्धत. वीस मिनिटं, दार लावून, वही समोर ठेवून. स्वप्नातली एखादी प्रतिमा डोळ्यांसमोर आणा, ती स्वतःहून हलेपर्यंत थांबा, हलली की तिच्याशी बोला, दोघांचं बोलणं लिहा. तुम्ही ‘मी’ म्हणूनच भाग घ्यायचा, सिनेमा बघायचा नाही. शेवटी त्यातून निघालेली एक छोटी गोष्ट प्रत्यक्षात करा.

जिवंत ओळखीच्या माणसाला त्यात आणू नका, नाहीतर सासूशी मनातल्या मनात रोज भांडण होतं आणि त्याला साधना म्हटलं जातं. काहीच हललं नाही तर ओढूनताणून गोष्ट रचू नका, उठा. पूर्वी भ्रम, कानांत आवाज किंवा उन्माद झाला असेल, झोप उडालेली असेल किंवा दारू चालू असेल, तर हे अजिबात करू नये.

१४. कुणाकडे जायचं?

स्वप्नांनी झोप मोडते, आवाज ऐकू येतात, जगू नये वाटतं, अशा वेळी आदिबंध बाजूला ठेवा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, भाषा निवडता येते. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग विचारा. धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. ‘युंगीय थेरपी’ची पाटी लावून पहिल्याच भेटीत तुमचा आदिबंध सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी, त्रास कधी सुरू झाला त्याची तारीख आणि प्रश्न ६ मध्ये सांगितलेली वही बरोबर न्या. स्वप्न कन्नडमध्ये पडलं असेल तर कन्नडमध्येच लिहिलेलं चालतं.